एका मांडवात दोन नवऱ्या

हिरीच्या अंगाला हळद लागत होती आणि हिरीचं चित्त हळदीत नव्हतं.

"अगं नवरी, मान खाली घाल की! थोडं लाजायचं नाटक तरी कर," रखमी म्हणाली. रखमी म्हणजे लग्न लावणारी धवलेरी. गंजाडच्या आसपासच्या पाड्यांत तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही, आणि तिच्या जिभेच्या तडाख्यातून एकही नवरी सुटत नाही. "इतकी वर्षं संसार केलास तो राहू दे बाजूला. आज तू नवी कोरी. कोरीसारखी बस."

बायका खिदळल्या. हिरीही हसली, पण मान काही तिनं खाली घातली नाही. तिचे डोळे समोर ओसरीवर, लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या सुनेवर होते. दक्षाचा हात पोटावर गेला. पोट चांगलं नवव्या महिन्यातलं, साडीच्या निऱ्या कुठे खोचाव्यात हा रोजचा प्रश्न पडावा एवढं. हात तिथंच थांबला, ओठ मिटले, नजर कुठेतरी लांब गेली. मग हात खाली आला आणि दक्षा शेजारणीशी हसून बोलायला लागली.

'आली,' हिरी मनात म्हणाली. 'पुन्हा कळ आली. आणि लपवते बघ, लबाड!'

आज या मांडवात दोन लग्नं होती. आधी हिरी आणि चिमणचं, मग त्यांच्या पोराचं, नितीनचं, दक्षाशी. आई-बापाचं लग्न लागल्याशिवाय पोराच्या अंगाला हळद लागत नाही, हा पाड्याचा नेम. आणि हिरी-चिमणचं लग्न राहूनच गेलं होतं. एका होळीला हिरी दोन लुगड्यांचं गाठोडं घेऊन या घरात आली, तेव्हा सासरा भिका म्हणाला होता, लग्न पुढच्या वर्षी करू. पुढच्या वर्षी बैल गेला. त्याच्या पुढच्या वर्षी छप्पर गेलं. मग नितीन आला, मग दोन पोरी आल्या, त्या मोठ्या होऊन सासरी नांदायलाही गेल्या, आणि ते पुढचं वर्ष मात्र काही आलं नाही. त्यावरून हिरीला कुणी कधी नावं ठेवली नाहीत. अर्ध्या पाड्यानं तसंच घर मांडलं होतं. नितीननंही दक्षाला तशीच आणली, तलासरीच्या डोंगराकडच्या गावातून, मोटरसायकलवर बसवून.

एकच गोष्ट हिरीला सलायची. लग्नाचा चौक, तो तांदळाच्या पिठाचा देवीचा चौकोन, भिंतीवर काढायचा मान सवाशिणींचा. जिचं लग्न लागलेलं नाही तिनं त्या पिठात बोट घालायचं नाही. आणि हिरीचा हात तर असा, की चुलीसमोर सारवताना सहज बोटं फिरवली तरी बघणारा थांबायचा. पाड्यात कितीतरी लग्नं झाली. दर वेळी ती तांदूळ वाटून द्यायची, भिंत सारवून द्यायची, आणि मग मागे सरकून उभी राहायची. दुसऱ्या कुणाची रेघ वाकडी गेली की तिची बोटं हवेतच ती सरळ करायची. दक्षाला दिवस गेले तेव्हा तिनं चिमणला पहिल्यांदाच निक्षून सांगितलं, "नातवंडाच्या पाचवीचा चौक मी मांडणार. माझ्या हातानं. त्याच्या आधी माझं लग्न लाव."

"कुणाशी?" चिमणनं विचारलं होतं, आणि पाठीत धपाटा खाल्ला होता.

म्हणून हा वैशाख गाठला होता. पोर लग्नाआधी झालं असतं तर घराला सोयर, म्हणजे लग्न मोडलं. मग पाऊस, मग पेरणी, मग लावणी, मग कापणी, आणि पुन्हा तेच, पुढच्या वर्षी. या दोन शब्दांवर हिरीचा कवडीचा भरवसा उरला नव्हता.

आणि दक्षाचं पोट तर महिनाभर सगळ्यांना चकवत होतं.

पहिल्यांदा कळा आल्या तेव्हा नितीननं मोबाईल काढला. बोईसरला कंपनीत जाणाऱ्या पोरांपैकी कुणीतरी त्याला त्यात कळा मोजायचं काहीतरी घालून दिलं होतं. दक्षानं 'आई गं' म्हटलं की हा बटण दाबायचा, तिनं श्वास सोडला की पुन्हा दाबायचा. मोबाईलनं सांगितलं, ताबडतोब दवाखान्यात जा. वाणगावहून जीवनची जीप आली. जीपमध्ये दक्षा, नितीन, हिरी, चिमण, शेजारची दोन माणसं आणि उगाच म्हणून रखमी. डहाणूच्या सरकारी दवाखान्यात सिस्टरनं तपासलं आणि म्हणाली, "घरी जा. अजून वेळ आहे. पोट सराव करतंय, शाळेत पोरं कवायत करतात ना, तसं."

दुसऱ्या वेळी तर शोभाच झाली. जीप डहाणूकडे निघाली आणि मागे राहिलेल्या चिमणच्या अंगात आनंद मावेना. तो पाडाभर सांगत सुटला, नातवंड आलं, नातवंड आलं! लोकांनी कोंबड्या आणल्या, कुणी ताडीचं मडकं आणलं, ढोल निघाला. संध्याकाळी दक्षा जीपमधून उतरली ती जशीच्या तशी, पोटासकट. ढोलवाला वाजवता वाजवता थांबला. काय करणार? कोंबड्या शिजल्याच होत्या. सगळ्यांनी जेवून घेतलं. तेव्हापासून पाड्यात चिमण दिसला की कुणीतरी विचारायचंच, "काय आजोबा, कवायत कशी चाललीय?"

तर अशी ही तिसरी खेप, आणि तीही नेमकी लग्नाच्या दिवशी.

हळद आटोपली. हिरी आंघोळ करून, हिरवी साडी नेसून चौकासमोर बसायला घरात गेली, तर दारातच विहीणबाई उभी. भिकी, दक्षाची आई. चार दिवसांपासून येऊन राहिली होती आणि चार दिवस तिचं एकच पालुपद चाललं होतं.

"हिरीबाय, मी सकाळपासून बघते. पोरीला कळा येतायत."

"मी पण बघते," हिरी म्हणाली.

"बघतेस आणि बाशिंग बांधतेस? लग्न काय पळून जातं? तुझी हौस हाय, मला समजतं. पण माझी पोरगी हाय ती! डोंगरातनं दोन तास झोळीतून बाई खाली आणताना मी बघितलीय. तुझ्या दारात जीप उभी हाय तर वाट कशाची बघायची?"

हौस हा शब्द हिरीला झोंबला. झोंबला, कारण खोटा नव्हता. तिनं नितीनकडे पाहिलं. नितीन मोबाईल हातात धरून उभा.

"आई, ह्यात पण निघा असंच दाखवतंय," तो हळूच म्हणाला.

"ते मेलं पहिल्या दिवसापासून निघाच दाखवतंय," मागून रखमी कडाडली. "त्याला जीपवाल्यानं पैसे चारलेत काय?"

नितीन सासूच्या बाजूला जाऊन उभा राहिला. कालपर्यंत तो आईच्या बाजूचा होता. चिमण तर दोन्ही बाजूंच्या मधोमध, डोक्याला फेटा, हातात नवरदेवाची सुरी, चेहरा असा की कुणीही हाक मारली तर त्याच्याकडे जाईल. "तुम्ही बायका म्हणाल तसं," तो म्हणाला. "मी एकदा तोंडघशी पडलोय. मी आता बोलणार नाय."

"म्हणजे लग्न राहिलं तरी चालेल तुला?" हिरीनं विचारलं.

चिमणनं फेटा नीट केला. मग म्हणाला, "मला नाय चालणार. पण पोरीला काय झालं, तर मला त्या चौकाकडे बघवणार पण नाय."

आतून कुणीतरी हाक मारली आणि विधी सुरू करायला सगळे आत ढकलले गेले, काही न ठरवताच.

खोली माणसांनी गच्च भरली. समोर गेरूनं सारवलेल्या भिंतीवर पांढरा चौक. डाव्या कोपऱ्यातली एक रेघ वाकडी गेलेली हिरीनं आत येताक्षणी पाहिली. चिमण शेजारी बसला. रखमीनं डोळे मिटले आणि गाणं धरलं.

"मांडवाखाली कोण गं उभा? भिका आजा उभा गं उभा... मांडवाखाली कोण गं उभी? काळी आजी उभी गं उभी..."

रखमीचं हे गाणं सगळं खानदान मांडवात आणून उभं करतं. आधी मेलेले, मग म्हातारे, मग नवरा-नवरी, त्यांची पोरं, सुना, जावई. एकालाही वगळत नाही. वगळलं तर तो वर्षभर रुसतो.

काळी आजी. हिरीची सासू. तिचं नाव आलं आणि हिरीनं चौकावरची नजर काढून घेतली. नितीनच्या वेळी लावणीचे दिवस होते. हिरीला कळा येत होत्या, आणि काळी बांधावरून म्हणाली होती, खोट्या कळा आहेत, पहिलटकरीण सगळ्याच नाटकं करतात, चार मुठी लाव म्हणजे बसतील. हिरीनं लावल्या. नितीन त्या बांधावरच झाला, चिखलात, काळीच्याच हातात. काळी मग रडली होती, हे खरं. पण हिरीनं त्या दिवशी मनाशी गाठ बांधली होती की माझी सून आली की तिच्या पोटाचं मी तिलाच विचारीन.

तिनं मान वळवली. दक्षा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. हात पोटावर, कपाळावर घाम, ओठांचा चंबू करून श्वास सोडत होती.

हिरी ताडकन उठली. बाशिंगाचे झुबके डोळ्यांवर आले. रखमीचं गाणं तुटलं.

"बस झालं. जीवनला सांगा जीप काढ. लग्न राहू दे."

घरभर गलका झाला. भिकी आधीच दक्षाचा दंड धरून निघाली. नितीन चप्पल शोधायला लागला. चिमण उठला आणि फेटा सोडायला लागला. तो फेटा सोडताना हिरीनं पाहिला आणि तिला रडू फुटलं. अगदी भरल्या घरात, नवरीच्या वेशात, ती हमसून रडली.

"आई," दक्षा म्हणाली. "खाली बसा."

"तू गप. चल."

"खाली बसा म्हणते ना!" पोरगी एवढ्या मोठ्यानं बोलू शकते हे तोवर कुणाला माहीत नव्हतं. भिकीनं दंड सोडला. "सगळे माझ्या पोटाबद्दल बोलतायत. मोबाईल बोलतो, माझी आयस बोलते, रखमीआजी बोलते. मला कुणी विचारलं?"

नितीननं सापडलेली चप्पल परत खाली ठेवली.

"ह्या खोट्या हायत. सिस्टरनं मला दोन वेळा नीट समजावून सांगितलंय. ह्या नुसत्या पुढून येतात, पोट दगडासारखं होतं आणि सुटतं. कमरेतून येत नाय. एक आली की दुसरी कधी येईल त्याचा नेम नाय. पाणी प्यायलं, चाललं, कुशीवर पडलं की जातात. खऱ्या असल्या तर काही केलं तरी जायच्या नाहीत, वाढतच जातील. पाणी सुटलं, रक्त दिसलं, पोर हलायचं थांबलं, तर मीच पहिली जीपमध्ये बसेन. ते काहीच नाय. हे बघा, आत्ता पण लाथा मारतंय."

"मग सकाळपासून येतायत कशाला?" भिकीनं विचारलं.

दक्षा एकदम ओशाळली. पदराशी चाळा करत म्हणाली, "पाणी प्यायले नाय मी."

"काय?"

"सकाळपासून. पाणी प्यायलं की सारखं जावं लागतं ना. संडास लांब तिकडे वाडीच्या कडेला, आणि अंगणात सगळे पाहुणे बसलेले. नव्या नवरीनं एवढ्या माणसांतून सारखं सारखं जायचं, लाज वाटते. म्हणून प्यायलेच नाय."

मग रखमी कपाळाला हात मारून खो खो हसायला लागली. "अगं माझे बाय! वैशाखाचं ऊन, नवव्या महिन्याचं पोट, आणि पाण्याचा थेंब नाय! ते बिचारं कवायत नाय करणार तर काय करणार?"

हिरी मात्र हसली नाही. ती सुनेकडे बघत होती. काळी आजीनं खोट्या म्हटलं होतं ते हिरीला न विचारता. इथे खोट्या म्हणणारी तीच होती जिच्या पोटात कळ होती. मनाशी बांधलेली ती गाठ आज अशा बाजूनं समोर आली होती, की पाळायची तर भीती गिळून पाळावी लागणार.

"तुला नक्की वाटतं?" तिनं विचारलं.

"नक्की."

"आणि मला बरं वाटावं म्हणून बोलत नाहीस ना? माझ्या हौसेपायी?"

दक्षानं तिच्या डोळ्यांत पाहिलं. "तुमच्या हौसेपायी पाणी सोडलं असतं मी, आई. पोर नाय पणाला लावणार."

हिरीनं पदरानं डोळे पुसले. "चल मग."

"कुठे?"

"आधी पाणी. मग संडासला. मी येते बरोबर, बघू कोण बघतं तुझ्याकडे."

आणि पाड्यानं ते दृश्य पाहिलं. हिरीनं सुनेला तांब्याभर पाणी पाजलं, वर मीठ-साखर घालून आणखी एक तांब्या. मग हळदीनं पिवळीजर्द झालेली, बाशिंग बांधलेली सासू एका हातात टमरेल आणि दुसऱ्या हातात सुनेचा हात धरून भर मांडवातून निघाली. पाहुण्यांनी पाय आवरून वाट दिली. चिंचणीहून आलेला एक म्हातारा पाहुणा चिमणला म्हणाला, "नवरी कुठे चालली?"

"कवायतीला," चिमण म्हणाला. त्या दिवशी त्याला पहिल्यांदाच थट्टा सुचली होती. त्यानं फेटा पुन्हा बांधायला घेतला.

परत आल्यावर हिरीनं दक्षाला आतल्या खाटेवर डाव्या कुशीवर निजवलं, पोटाखाली घडी केलेली गोधडी दिली, साडीची गाठ सैल केली. भिकी पंखा घेऊन उशाशी बसली. पण तिचा चेहरा अजून घट्टच होता.

"मला खात्री पाहिजे," भिकी म्हणाली. "ह्या मोबाईलवर माझा विश्वास नाय."

"माझा पण उडाला," नितीननं मोबाईल खिशात टाकला.

"माझ्यावर हाय का विश्वास?" रखमी म्हणाली. "असं करू. मी गाणं पहिल्यापासून धरते. आज्या-पणज्यांपासून. दक्षे, तुला कळ आली की हात वर कर. आख्खं खानदान उभं करून होईपर्यंत दुसरी कळ आली, तर मी स्वतः तुला उचलून जीपमध्ये घालते. नाय आली, तर विहीणबाय, तू गुपचूप भात खायचा."

भिकीनं क्षणभर विचार केला. "कुणाला वगळायचं नाय पण."

"वगळेन कशी? तुझी डोंगराकडची पण सगळी घेते."

हिरी पुन्हा चौकासमोर बसली. मधल्या दारातून तिला खाट दिसत होती. रखमीनं गाणं धरलं. भिका आजा उभा राहिला, काळी आजी उभी राहिली. काळी आजीच्या नावाला दक्षाचा हात वर गेला आणि खोलीतल्या सगळ्या माना तिकडे वळल्या. हात खाली आला. गाणं पुढे चाललं. मामा, मावश्या, चुलते. चिमण, हिरी. तलासरीकडचे सगळे, भिकीच्या बाजूचे. मेलेले, जिते, परदेशी गेल्यासारखे मुंबईला गेलेले. लोक आता लग्न बघतच नव्हते, सगळे खाटेकडे बघत होते, आणि गाण्यात आपलं नाव आलं की हसत होते. हिरीच्या गळ्यात मणी पडले तेव्हाही ती खाटेकडेच बघत होती.

"मांडवाखाली कोण गं उभी? दक्षा सून उभी गं उभी..."

ते शेवटचं नाव. आणि दक्षा खाटेवर डाव्या कुशीवर गाढ झोपली होती. तोंड थोडं उघडं, पंख्याच्या वाऱ्यानं केस उडत होते.

भिकीनं पंखा खाली ठेवला. पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "भात आणा."

घर हसण्यानं दणाणलं. त्या दंग्यात चिमण बायकोच्या कानाशी वाकला. "अगं, लागलं आपलं लग्न. तुझं लक्षच नव्हतं."

"लागलं?" हिरी म्हणाली. तिनं गळ्याला हात लावून पाहिला. मणी होते. तिनं रखमीकडे पाहिलं. रखमीनं तांदळाच्या पिठाची वाटी तिच्यासमोर सरकवली.

हिरीनं बांगड्या मागे सारल्या. मग तिनं बोट बुडवलं, भिंतीजवळ गेली आणि डाव्या कोपऱ्यातल्या त्या वाकड्या रेघेवरून नवी रेघ ओढली, एका दमात. बायका पुढे सरकून बघत राहिल्या. हिरी मागे फिरली तेव्हा तिचा चेहरा बघून चिमणच रडायला लागला.

दुपारनंतर दक्षा उठली ती ताजीतवानी. पाणी प्यायली, भात खाल्ला, आणि सासूच्या हातची हळद अंगाला लावून घेऊन नितीनशेजारी बसली. हेही लग्न लागलं. भिकीनं विहिणीला मिठी मारली आणि म्हणाली, "सकाळचं मनात ठेवू नको."

"ठेवलं असतं," हिरी म्हणाली, "पण तू खरंच बोललीस. हौस होती मला."

उन्हं कलली. अंगणात तारपा वाजायला लागला, पोरं-पोरी हात गुंफून फेर धरायला लागल्या. दक्षा खुर्चीत, पाय पाटावर. शेजारी हिरी, अजून बाशिंगातच, कारण चिमणनं तिला ते सोडू दिलं नव्हतं. थोडं अजून बघू दे, म्हणाला. रखमी गंमत म्हणून तेच गाणं गुणगुणत होती.

भिका आजा उभा राहिला. दक्षाचा हात सासूच्या मनगटावर आला.

गाणं चाललं. काळी आजी, मोठा चुलता, धाकटा चुलता. हाताची पकड पुन्हा घट्ट झाली. ह्या वेळी दक्षा कमरेतून वाकली.

"पाणी देऊ?" हिरीनं हळूच विचारलं. "चालू थोडं?"

"मघाशीच चालून आले. पाणी पण प्यायले." दक्षानं तोंड वर केलं. भीती होती चेहऱ्यावर, पण हसूही होतं. "आई. आता खऱ्या."

गाण्यात अजून मावश्यासुद्धा आल्या नव्हत्या. रखमीनं पाहिलं आणि मधेच तोंड मिटलं.

हिरीनं या वेळी कुणालाही विचारलं नाही. "जीवन, जीप काढ!" तिची हाक वाजत्या तारप्यावरून गेली. नितीननं खिशातून मोबाईल काढला, त्याकडे पाहिलं आणि परत ठेवून दिला. झेंडूच्या माळा आणि कागदी पताका लावलेली वरातीची जीप तशीच दाराशी आली. दक्षा, भिकी, नितीन आत बसले. मग हिरी चढली.

"अगं, तू कुठे?" चिमण धावत आला. "नवरी ना तू!"

"नवरी झाले, आता आजी होऊन येते!"

जीप सुटली. मागे धुरळ्यात चिमण फेटा सावरत पळत होता आणि आख्खा पाडा त्याला ओरडून सांगत होता, "नवरदेवा, नवरी पळाली!"

डहाणूला सिस्टरनं दार उघडलं, दक्षाला ओळखलं आणि कमरेवर हात ठेवले. "काय, पुन्हा कवायत?" मग तपासून बाहेर आली तेव्हा हसत होती. "आज घरी पाठवत नाही. वेळेवर आलात. आत एकीलाच येता येईल. कोण येणार?"

भिकी पुढे झाली. आईच ती. दोन पावलं गेली आणि थांबली. वळून म्हणाली, "विहीणबाय, तू जा. तू तिचं ऐकतेस. मी आत गेले तर घाबरून तिलाच घाबरवीन."

सिस्टरनं हिरीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. हळद, हिरवी साडी, बाशिंग. "लग्नातून आलात? कुणाचं होतं?"

"माझं."

"तुमचं? आणि ही कोण तुमची?"

"सून."

सिस्टरनं बाशिंगाकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि दार उघडून दिलं.

आत दक्षानं सासूचा हात धरला तो सोडलाच नाही. कळ यायची, जायची, यायची. "आई, गाणं म्हणा," ती मधल्या एका श्वासात म्हणाली. "रखमीआजीचं. मला धरायला काहीतरी पाहिजे."

हिरीला गाता येत नव्हतं. तिची कला बोटांत होती, गळ्यात नाही. तरी तिनं सुरू केलं, भसाड्या आवाजात. भिका आजा उभा केला. काळी आजी उभी केली, आणि ह्या वेळी ते नाव तिनं सावकाश, मायेनं घेतलं. चिखलात नितीनला धरणारे तिचे हात हिरीला आठवले. मामा, मावश्या, भिकीची माणसं. दक्षा किंचाळली, हिरी गात राहिली. चिमण, नितीन. "मांडवाखाली कोण गं उभी? दक्षा सून उभी गं उभी..."

नावं संपली. हिरी थांबली नाही. तिनं पुन्हा विचारलं, कारण थांबायचं तिला सुचलंच नाही, "मांडवाखाली कोण गं उभी?"

आणि खोलीच्या त्या टोकाकडून, सिस्टरच्या हातांतून, कुणीतरी बारीक, चिडक्या, तारस्वरात उत्तर दिलं.

"मुलगी," सिस्टर म्हणाली.